गीझरचं गणित

पुण्यात दिवाळी संपली की दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात. एक स्वेटर आणि दुसरी बाथरूमच्या नंबरावरून होणारी भांडणं. त्यात शेअरिंगचा फ्लॅट असेल तर बघायलाच नको!

आमचा सीन असा. कोथरूडमधलं वन बीएचके, आम्ही तिघी आणि चार बाय सहाचं एकुलतं एक बाथरूम. सकाळी साडेसात ते नऊ एवढाच वेळ. त्यात जुन्या गीझरने राम म्हटला. घरमालकीण काकूंनी लगेच तोडगा काढला, "अगं, माझ्याकडे गॅसचा गीझर पडूनच आहे. तोच बाथरूममध्ये लावून देते. लाइटबिलही वाचेल." ऑफर टेम्प्टिंग होती. रूममेट्स तर खूशच झाल्या. पण मी नाही म्हटलं.

कारण आमच्या बाथरूमची खिडकी. कबुतरांच्या त्रासाने ती कधीच पक्की बंद करून टाकलेली. अशा खोक्यात गॅस जळायला लागला की खोलीतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. चक्कर येतेय असं वाटेपर्यंत हातपाय चालेनासे होतात आणि दाराला कडी आतून असते. गॅस गीझर लावायचाच तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप यायला हवा. आमच्याकडे ड्राय बाल्कनीच नाही, म्हणजे विषय संपला.

मी काकूंना एवढंच विचारलं, "काकू, तुमची मुलगी इथे राहत असती तर लावला असता?" त्या क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "बरं, विजेचा बघ. निम्मे पैसे मी देईन, पण सोडून जाताना तो इथेच राहील हं." डील!

आता पुढचा प्रश्न, इन्स्टंट की स्टोरेज? छोट्या बाथरूमला छोटा, तीन लिटरचा इन्स्टंट, असं सगळेच सुचवतात. दिसायला क्यूट, भिंतीवर जागाही कमी. पण जरा गणित करू. नळाचं पाणी २० अंशांवर आहे असं धरा. अंघोळीला ४२ अंश पुरे. ३ किलोवॉटचा इन्स्टंट असं पाणी मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो. म्हणजे २० लिटरची बादली भरायला १० मिनिटं. नळ जास्त सोडला की पाणी कोमट. एकट्यादुकट्याला, बादलीने अंघोळ करणाऱ्याला हा बेस्ट. शॉवरप्रेमींनी मात्र नाद सोडावा.

१५ लिटरच्या स्टोरेजचं वेगळं. पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं आणि त्यात गार पाणी मिसळलं की २७ लिटर अंघोळीचं पाणी मिळतं. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी साधारण वीस मिनिटं लागतात. म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाचे स्लॉट पाडले की दीड तासात तिघीही आवरून तयार. आम्ही हाच घेतला.

आणि बिल? गंमत म्हणजे तेवढंच पाणी तेवढंच तापवायला दोन्हीकडे वीज जवळपास सारखीच लागते, बादलीमागे साधारण अर्धा युनिट. स्टोरेजमध्ये जास्तीची वीज जाते ती टाकीत साठवलेलं पाणी हळूहळू गार होतं त्यात. स्टोरेज गीझरवरचे स्टार नेमकं हेच सांगतात. स्टार जास्त, तर उष्णता कमी वाया. पण फाइव्ह स्टार घेऊन दिवसभर बटण चालू ठेवणार असाल तर त्याला काही अर्थ नाही.

खरी परीक्षा पुढेच होती. ३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअरच्या आसपास करंट खेचतो, २ किलोवॉटचा ९च्या आसपास. त्यामुळे ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर कुठलाच चालवायचा नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि त्याला वेगळी, जाड वायर हवीच. वायरमनकाकांनी आमचा प्लग उघडला तर आत अर्थिंगची वायरच नव्हती! गीझर दोन दिवस खोक्यातच राहिला. आधी अर्थिंग झालं, मग मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसला. करंट लीक झाला की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. हा खर्च बघून काकू कुरकुरल्या, पण दिला. तरीही आमचा नियम पक्का. पाणी तापलं की बटण बंद, मगच अंघोळ. इन्स्टंटमध्ये ही सोय नाही, तो अंघोळीच्या वेळी चालूच लागतो. जुन्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अजून थोड्या टिप्स. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर कॉइलवर क्षार बसतात, म्हणून वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या आणि टाकीतला अॅनोड रॉड बदलायला झालाय का ते बघायला सांगा. उंच टॉवरमध्ये पाण्याचा जोर जास्त असतो, दर १० मीटरला सुमारे १ बार. तेव्हा खोक्यावरचा प्रेशरचा आकडा वाचा. भरलेली टाकी पंधरा किलोंहून बरीच जड होते, ती पक्क्या विटांच्या भिंतीवरच आणि शॉवरच्या फवाऱ्यापासून लांब बसवा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतंय म्हणून त्याला बूच मात्र मारू नका. टाकीतलं प्रेशर तिथूनच बाहेर पडतं. आणि आयएसआय मार्क नसेल तर कितीही डिस्काउंट असो, पुढे चला.

तर मंडळी, पुढच्या वेळी फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाल्कनीतला व्ह्यू नंतर बघा. आधी बाथरूममध्ये शिरा. खिडकी उघडते का आणि प्लगला अर्थिंग आहे का, एवढं विचारा. ब्रोकर हसेल. हसू दे!