तांड्यावरचे लेणे

कळमनुरीच्या आठवडी बाजारात एखादी वृद्ध बंजारा स्त्री आली, की तिच्या पावलांबरोबर मंद किणकिण ऐकू येते. वळून पाहावे, तो तिच्या अंगावरचे असंख्य आरसे उन्हात लखलखत असतात. घेरदार फेटिया, कवड्या व मणी जडविलेली कांचळी आणि मस्तकावरून पाठीवर उतरलेली ओढणी! आमच्या तालुक्यात बंजाऱ्यांचे अनेक तांडे आहेत. त्यामुळे हे दृश्य पुष्कळांच्या परिचयाचे आहे. परंतु परिचयाच्या वस्तूकडेच आपण सहसा नीट पाहत नाही.

बालमित्रांनो, त्या ओढणीचा काठ एकदा जवळून पाहा. आरशाच्या तुकड्याला छिद्र नसते. म्हणून त्याच्या सभोवार टाके घालून धाग्याचेच कोंदण करावे लागते व त्यात तो पकडावा लागतो. आई टाका घालते, लेक शेजारी बसून पाहते. एवढीच या विद्येची शाळा.

आणि ती कवडी? समुद्र तर येथून किती दूर! बंजाऱ्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडत. त्या काळी कित्येक प्रांतांत कवडी हेच चलन होते. पुढे १८५३ साली आगगाडी आली, लोहमार्ग वाढले आणि बैलांचे तांडे हळूहळू थांबले. त्यातच इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. बंजाऱ्यांचे काही गटही त्यातून सुटले नाहीत. स्वतंत्र भारतात, १९५२ साली, तो कायदा रद्द झाला. धंदा गेला, अब्रूवर घाला आला. सुई मात्र चालत राहिली.

कोणी म्हणेल, आरसे बाजारचे, कवडी समुद्राची. मग यात बंजाऱ्यांचे स्वतःचे ते काय? हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. उत्तर अमेरिकेतील आदिवासी लोक लहानशा मागावर मणी विणून सुंदर पट्टे करतात. त्यांतील काचेचे मणी प्रथम युरोपातील व्यापाऱ्यांनी नेले. पण त्या पट्ट्यांना कोणी युरोपीय म्हणत नाही! मणी कोठलाही असो, तो कोणाशेजारी बसवावा हे ज्याने ठरविले, त्याचीच ती कला.

येथे माझी एक चूक सांगतो. एका वर्षी स्नेहसंमेलनात मी बंजारा वेष भाड्याने आणून गावातल्या एका मुलीला नेसविला. तांड्यावरची एक विद्यार्थिनी कोपऱ्यात उभी होती. दुसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "सर, ओढणीचा आरशांचा पट्टा कपाळावर घेतात. तिनं तो खाली सोडला होता." तिला आधी विचारावे, हे मला सुचलेच नव्हते!

२०२३ साली कर्नाटकात हंपी येथे साडेचारशेहून अधिक लंबाणी, म्हणजे बंजारा, स्त्रियांच्या भरतकामाचे प्रदर्शन जगाने वाखाणले. आपल्याकडे मात्र तांड्यांवरच्या तरुण मुली साडी नेसतात, आणि त्यात वावगे काही नाही. वेष ज्याचा त्याने ठरवावा. पण टाका विसरला जाऊ नये. म्हणून माझे मत असे, की शाळेतील हस्तकलेच्या तासाला तांड्यावरच्या एखाद्या आजीला गुरू म्हणून बोलवावे, तिला रीतसर मानधन द्यावे आणि बसायला खिडकीजवळची जागा द्यावी. आरसा टाचताना उजेड फार लागतो.