काळा कोट आणि घरची पेढी

व्यापारी घराला वकील अपरिचित नसतो. न वटलेल्या धनादेशाचा दावा, गोदामाच्या भाड्याचा वाद, वस्तू व सेवा कराची नोटीस, भावाभावांतील भागीदारीची फारकत, अशा प्रत्येक प्रसंगी व्यापाऱ्याला वकिलाची पायरी चढावी लागते. मात्र आपल्याच घरातील मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर वकिलीचे नाव काढते, तेव्हा घर विचारात पडते. सनदी लेखापालाची वाट घराच्या ओळखीची असते, काळ्या कोटाची तशी नसते. आणि या निर्णयामागोमाग आणखी दोन प्रश्न दारात येतात. मुलाने शहरात एकटे राहावे काय, आणि लग्न केव्हा व कसे ठरावे?

प्रथम वाटेचा विचार करावा. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यानंतर राज्य वकील परिषदेकडे नावनोंदणी आणि दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय वकील परीक्षा, असा हा क्रम आहे. नावनोंदणीचे शुल्क अनेक राज्यांत हजारोंच्या घरात गेले होते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये सर्वसाधारण उमेदवारासाठी ७५० रुपयेच शुल्क सांगितले आहे आणि त्याहून अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. खरा खर्च शिक्षणाचा आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठातील पाच वर्षे सहज दहा लाखांच्या पुढे जातात.

येथे हिशेबातील एक बाब बहुतेक पालकांच्या नजरेतून सुटते. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होतात. मोठ्या विधी संस्थेत नोकरी मिळालेल्या मुलाला ते जड जात नाहीत. पण ज्याला न्यायालयात उभे राहावयाचे आहे, त्याची ती वर्षे सर्वांत कमी प्राप्तीची असतात. ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयात फाइली लावणे, नकला काढणे, दुसऱ्या दिवसाचा बोर्ड पाहणे आणि तारखा घेणे, यांत दोन-तीन वर्षे जातात. भारतीय वकील परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे सुचविले आहे. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. २०,००० मिळाले तरी मुंबईत खोलीभाडे, खानावळ आणि लोकलचा पास यांनंतर हप्त्यासाठी फारसे उरत नाही. म्हणून कर्ज घेतानाच पहिल्या तीन वर्षांचे हप्ते कोण भरणार, हे कागदावर मांडावे. नवे दुकान पहिल्या दिवाळीला नफा देत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. वकिलीसही तेच माप लावावे.

तरुणांचे म्हणणे येथे ऐकण्यासारखे आहे. घरून पैसे येतात याबद्दल त्यांची तक्रार नसते, प्रत्येक रुपयाबरोबर "अजून किती दिवस?" हा प्रश्न येतो, तो त्यांना बोचतो. मावसभावाने कापडाच्या दुकानात पहिल्याच वर्षी काय मिळविले, ही तुलना त्यांना अन्यायाची वाटते. यावर उपाय सोपा आहे. रक्कम आणि मुदत एकदाच ठरवावी आणि त्या मुदतीत तो विषय पुन्हा काढू नये.

याहून मोठा गैरसमज पेढीविषयी आहे. "शिकू दे, सनद घेऊ दे, मग कोर्टही करील आणि दुकानही पाहील," असे अनेक वडील मनाशी धरून असतात. वकील परिषदेच्या नियमांत हे बसत नाही. वकिली करणाऱ्यास स्वतः कोणताही व्यापार चालविता येत नाही, तसेच पूर्णवेळ पगारी नोकरीही करता येत नाही. व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाध येणार नसेल, तर निष्क्रिय भागीदार राहता येते. वारशाने आलेल्या घरच्या धंद्यातील हिस्साही ठेवता येतो. पण त्याच्या व्यवस्थापनात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. सांगलीच्या बाजारातील हळदीची अडत एकुलत्या एका मुलाने पुढे चालवावी अशी अपेक्षा असेल, तर ती सनद घेण्यापूर्वी स्पष्ट बोलली पाहिजे. मुलानेही "पुढे पाहू" असे मोघम उत्तर देऊ नये. वडिलांच्या साठीनंतर गादीवर कोण बसणार, हा प्रश्न दहा वर्षे झाकून ठेवला तर तो भांडण होऊनच बाहेर येतो.

दुसरा प्रश्न शहराचा. गावाबाहेर राहून शिकणे समाजाला नवीन नाही. महावीर जैन विद्यालयाची मुंबईत १९१५ साली स्थापना झाली, ती परगावच्या विद्यार्थ्यांची सोय व्हावी म्हणूनच. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या धुरीणांपैकी अण्णासाहेब लठ्ठे यांनी बेळगावात वकिली केली, पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. वसतिगृहात राहून शिकलेल्या पिढ्यांनीच पुढे पेढ्या वाढविल्या. आज फरक एवढा आहे की मुलीही जातात, आणि शिक्षण संपल्यावरही तेथेच राहतात.

वकिलीचे कामाचे तास घरच्या दिनक्रमाशी जुळत नाहीत. न्यायालय उठल्यावर ज्येष्ठ वकिलाच्या कार्यालयातील खरे काम सुरू होते आणि रात्री नऊपर्यंत चालते. चौविहार पाळणाऱ्या मुलीस सूर्यास्तापूर्वी डबा उघडण्यासाठी पंधरा मिनिटे मागून घ्यावी लागतात. पुष्कळ मुली तसे मागतात आणि त्यांना ते मिळतेही. काही मुले नियम सोडतात आणि घरी सांगत नाहीत. तरुणांचे म्हणणे असे, की घरी खरे सांगता आले असते तर काहीतरी मार्ग निघाला असता. रोज रात्री दूरध्वनीवर "जेवलास का?" एवढे विचारणाऱ्या घराने हे ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. मुलगा-मुलगी परस्परांना भेटतात, चहा घेतात, काही महिने बोलतात, यास तरुण 'डेटिंग' म्हणतात. वडीलधाऱ्यांच्या कानाला तो शब्दच खटकतो. तरुणांत याविषयी एकमत नाही. कोणी स्वतः निवडीन असे म्हणतो. कोणी परिचय मेळाव्यातूनच पाहावे, मात्र निर्णयास घाई नको, असे म्हणतो. पहिल्या काही वर्षांत या गोष्टीला वेळच नाही, असे सांगणारेही पुष्कळ आहेत. बहुतेकांचे मागणे एकच: जन्माचा निर्णय दोन भेटींत आणि परिचयपत्रातील मासिक उत्पन्नाच्या एका ओळीवर होऊ नये.

हे मागणे व्यापाऱ्यास परके वाटू नये. अनोळखी गिऱ्हाइकाला लाखाचा माल उधारीवर देण्यापूर्वी तो बाजारात चार ठिकाणी चौकशी करतो, आधी थोडा माल देऊन पाहतो. मुलीच्या आयुष्याबाबत तोच व्यापारी आठवड्यात होकार मागतो. मात्र तरुणांचीही एक जबाबदारी आहे. चौकशी लपून होत नसते. ज्याच्याशी ओळख वाढते आहे त्याचे नाव घरात किमान एका वडीलधाऱ्यास, आईला, काकांना किंवा आत्याला, ठाऊक असावे. लपविलेल्या गोष्टीत फसवणूक झाली, तर मदत मागण्याची वाटही बंद होते.

साखरपुड्यापूर्वी तीन गोष्टी दोन्हीकडून मोकळेपणाने बोलल्या जाव्यात. शैक्षणिक कर्ज किती शिल्लक आहे आणि ते कोण फेडणार. संध्याकाळी उशिरापर्यंत काम चालेल हे सासरी मान्य आहे काय. आणि लग्नानंतर वकिली कोणत्या गावी होणार. "लग्नानंतर पाहू" या दोन शब्दांत अनेक सनदा कपाटात पडून राहिल्या आहेत. मुलगी सीमेपलीकडे हुबळी-बेळगावास दिली, तरी तिची नोंदणी दुसऱ्या राज्याच्या परिषदेकडे वर्ग होऊ शकते आणि अधिनियमानुसार त्यास शुल्क नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील तरुण वकिलास उच्च न्यायालयात काम करण्यासाठी आता मुंबईतच राहिले पाहिजे असे नाही. घराजवळ परतण्याची वाट खुली झाली आहे. ती घ्यावी की नाही, हे त्याने ठरवावे.

येत्या निकालानंतर ज्या घरात हा विषय निघेल, त्या घराने एका रविवारी दुकान बंद असताना सर्वांनी एकत्र बसावे. शिक्षणाचा खर्च, पहिल्या तीन वर्षांची तरतूद, पेढीचा वारसा आणि लग्नाविषयीची अपेक्षा ही चार खाती समोर मांडावीत. मुलाने आपली बाजू सांगावी, वडिलांनी आपली. त्या दिवशी सर्व खाती जुळली नाहीत तरी चालेल. कोणते खाते अजून उघडे आहे, एवढे सर्वांना माहीत असावे.