‘ब-१’ म्हणजे नेमके काय?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम २४ नुसार पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व झालेली प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे वैधानिक कर्तव्य आहे. प्रत्यक्षात मात्र ते पुष्कळदा सत्राअखेरीस प्रगतिपत्रकावर सही घेण्यापाशीच थांबते. महाराष्ट्रातील आकारिक मूल्यमापन, म्हणजे शिकणे चालू असतानाच केलेली पडताळणी, शिक्षकाच्या नोंदवहीत राहते आणि घरी पोहोचते ती ७१ ते ८० टक्क्यांची ‘ब-१’ ही श्रेणी. ‘प्रगती समाधानकारक’ हा शेरा तर कोणत्याही मुलाला चिकटवता येतो. ‘हातच्याच्या वजाबाकीत दशक सुटा करते, पण तो दशकांतून कमी करायला विसरते’ हे एकच वाक्य, रोजंदारी बुडवून आलेल्या आईला तिच्या बोलीत सांगितले, तर त्या रात्री घरात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सुटू शकतात.