पुठ्ठ्याचं बेट

तिसरी-चौथीच्या पोरांना 'बेटावरचं जीवन' शिकवायचं म्हणजे काय? तर पुठ्ठा, निळा कागद, दोन नारळाची झाडं आणि एक कासव. पालकांनी रात्री जागून चिकटवायचं, बाईंनी स्टार द्यायचा. विषय संपला! माझं स्पष्ट मत: यापेक्षा काही न शिकवलेलं बरं.

कारण यातून पोरं एवढंच शिकतात की बेट म्हणजे सुटे भाग. हवं ते चिकटवा, नको ते काढा. खऱ्या बेटावर तसं चालत नाही.

अंदमानचंच घ्या. हनिमूनला नाहीतर एलटीसीवर आपल्यातले निम्मे जाऊन आलेत. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी चितळ नेऊन सोडले. वाघ नाही, बिबट्या नाही.. मग काय, चितळ वाढले आणि कोवळी रोपं खात सुटले. जुनी झाडं उभी, पण खाली नवीन रोपं तग धरेनात. आता वर्गात विचारा, 'वाघ तिथे का नाही? आणि वटवाघूळ कसं पोचलं?' बघा पोरं कशी भांडतात ते. याला ना प्रोजेक्टर लागत, ना ॲप.

किंवा निकोबारचा मेगापोड. हा पक्षी अंड्यांवर बसतच नाही. किनाऱ्याजवळ माती आणि पालापाचोळ्याचा ढीग करतो, कुजणाऱ्या पाल्याच्या उबेने अंडी उबतात. म्हणजे वरची झाडं तोडलीत तर खालची ऊब बंद. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात, आणि ती न बघता कोड उडवणाऱ्याला शिव्या घालतात. आठ वर्षांच्या पोराला हे सहज कळतं हो!

"एवढं जड कशाला?" म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न, मोठ्यांना तरी कुठे कळलंय? २०२२ साली ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि नवं शहर उभारण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल द्यायला तत्त्वतः मंजुरी मिळाली. भरपाईची झाडं कुठे लावायचं ठरलं? हरियाणात! प्रकल्प हवा की नको, यावर खुशाल वाद घाला. पण निकोबारचं जंगल हरियाणात भरून निघतं हे ज्याला पटतं, त्याने लहानपणी नक्की पुठ्ठ्याचंच बेट केलं असणार.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी हे प्रोजेक्ट घरी आलं की कात्री-डिंक बाजूला ठेवा. पोराला म्हणा, यातलं काहीही एक काढ आणि त्यामुळे आणखी काय काय जाईल ते लिही. स्टार नाही मिळाला तर नाही मिळाला!