फुटक्या बांगडीचं मोल

मैत्रिणींनो, बांगडी 'फुटली' आपण म्हणत नाही, 'वाढवली' म्हणतो. तुकडे मात्र केरातच जातात. चंदीगडला याच तुकड्यांच्या बाहुल्या ओळीनं उभ्या आहेत, बरं का! हे नवं शहर वसवताना जुनी गावं पाडली गेली. तिथला ढिगारा, फुटक्या कपबश्या, टाइल्स असं सारं नेकचंद नावाचे सरकारी रस्ते-निरीक्षक सायकलवरून गोळा करीत. सरकारी रानात गुपचूप त्यांनी 'रॉक गार्डन' उभारलं. उघडकीस आल्यावर ते पाडायची भाषा झाली. पण लोकांना आवडलं म्हणून वाचलं आणि १९७६ साली सर्वांना खुलं झालं. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली.

फुटक्या टाइल्सचा दुसरा उपयोग आपल्या डोक्यावरच आहे. सोसायटीच्या गच्चीची दुरुस्ती निघाली, की पांढऱ्या तुकड्यांचं 'चायना मोझॅक' सुचवा. पांढरा रंग ऊन परतवतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोल्या कमी तापतात. पाणी साचू नये म्हणून उतार मात्र नीट काढून घ्या. सभेला दरवेळी 'हे'च जातात ना? उन्हाळ्यात दुपारभर त्या घरात आपण असतो. तेव्हा यंदा तुम्ही जा, आणि बोला!