निंदण कोणाचं वाचतं?

पावसाळा लागला की आमच्या जुन्या शहरात भल्या सकाळी बाया ऑटोची वाट पाहत उभ्या दिसतात. हातात डब्याची पिशवी, तिच्यातून डोकावणारा विळा. आसपासच्या खेड्यांत निंदणाला जायचं आणि दिवेलागणीला परत यायचं. त्यांतली एक आमच्याच गल्लीत राहते. एकदा तिला मी अकोटकडच्या त्या बियाण्याच्या सत्याग्रहाबद्दल विचारलं.

"मालूम हाय ना ताई," ती म्हणाली. "फवारा मारला त गवत मरते अन् पऱ्हाटी राहते म्हणते. मंग आमाले कोन बलावते?"

मी या विषयावर बरंच वाचलं होतं, पण हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता!

१० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेच्या हाकेवर जमलेल्या शेतकऱ्यांनी तणनाशक सहन करणारी 'एचटीबीटी' सरकी उघडपणे पेरली. बोंडअळीसाठीच्या बीटी कापसाला २००२ मध्येच परवानगी मिळाली होती, पण या सरकीला नव्हती. असं बियाणं लावलं तर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यानुसार तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता. पेरणाऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले.

एरवी कोर्टकचेरीला भिणारा शेतकरी असा का उभा राहिला? झड लागली की आठ दिवसांत तण पिकाच्या वर जातं. नेमकं तेव्हाच मजूर मिळत नाही, आणि मिळालं तर मजुरी परवडत नाही. या लोकांचं भांडण बाजाराशी नव्हतं. बाजारात उतरताना हवं ते बियाणं निवडू द्या, एवढीच त्यांची मागणी होती. उलट बाजू अशी की चोरून विकल्या जाणाऱ्या पाकिटाला पावती नसते. सरकी उगवली नाही तर तक्रार कोणाकडे करणार? शिवाय तणनाशकाचा माणसांवर आणि जमिनीवर काय परिणाम होतो, ही शंका आहेच.

पण मैत्रिणींनो, या दोन्ही बाजूंच्या वादात निंदणारी बाई कुठे आहे? वऱ्हाडात निंदण हे बायांचंच काम. दुसऱ्याच्या शेतात केलं तर त्याचे पैसे मिळतात, घरच्या शेतात केलं तर फक्त पाठ मोडते. म्हणून तेच तणनाशक एकीला सुटका वाटतं आणि दुसरीला पोटावर पाय. दोघींचंही खरं आहे.

कायदा मोडायलासुद्धा पायाखाली काहीतरी लागतं. शेत लागतं, पाठीशी संघटना लागते, आणि जेलात गेलं तर घर सांभाळणारं कोणी लागतं. आमच्या गल्लीतल्या बाईजवळ यातलं काहीच नाही. म्हणून ती नुसती मुकाट्याने राबते असं नाही. गवत वाढलं की साऱ्या जणी एका बोलीनं जास्त मजुरी मागतात, नाही तर ऑटोत बसत नाहीत. आणि तीच बाई बचत गटाचा हप्ता मात्र तारीख चुकू न देता भरते. पोरीच्या फीसाठी कर्ज तिथूनच मिळतं ना! एका ठिकाणी अडून बसायचं आणि दुसऱ्या ठिकाणी जुळवून घ्यायचं. कुठे काय केलं तर चूल पेटती राहील, हा तिचा हिशेब. आपण त्याला कधी भित्रेपणा म्हणतो, कधी बंडखोरी.

याच शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं होतं. पुढे शरद जोशींच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन करून दिली. मला ते आज फार महत्त्वाचं वाटतं. सातबारावर नाव असेल तर कोणतं बियाणं लावायचं, कायदा पाळायचा की मोडायचा, हे बाई स्वतः ठरवू शकते. नाव नसेल तर निर्णय दुसऱ्याचा आणि त्याचं फळ तेवढं तिच्या वाट्याला.

उद्या असं बियाणं येईल, नाही तर निंदणाचं एखादं यंत्र येईल. ते येऊ नये असं मी म्हणणार नाही. वाकलेल्या पाठीचं कौतुक घरात बसून करणं सोपं असतं. पण खर्च वाचला असं कोणी म्हणालं, तर तो कोणाच्या पदरातून वाचला, हे विचारायला हवं. आणि त्या बैठकीला निंदणारी एक तरी बाई हवी. सकाळी ऑटो येण्याआधी तिला बोलवायचं, एवढंच.