दया नको, दाद हवी

लोणारचे खारे सरोवर अभयारण्य आहे; २०२० साली त्यास रामसर यादीतही स्थान मिळाले. त्याच वर्षी पाणी गुलाबी झाले तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली. ते योग्यच झाले. परंतु याच गावातली एखादी आजी वृद्धाश्रमात गेली, तर तिची दखल घेण्यास कायद्याने कोण बांधील आहे?

अशाच एका आजींना आम्ही दुसऱ्या जिल्ह्यातील आश्रमात पोचवावयास गेलो होतो. छापील कागदावर त्यांचा अंगठा घेण्यात आला. व्यवस्थापनास वाटेल तेव्हा, कारण न देता प्रवेश रद्द होईल, असे त्यात लिहिले होते. अनामत परत मिळेल की नाही, याविषयी अवाक्षर नव्हते. आम्ही विचारले, तर उत्तर आले, "फादर, आम्ही सेवा करतो, धंदा नाही." आम्ही गप्प बसलो. त्याची लाज आम्हांस अद्याप वाटते.

२००७ चा ज्येष्ठांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा अधिनियम मुलांना धारेवर धरतो. दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. त्यासाठी लोणारकरांनी मेहकरच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जावे, वकील लागत नाही. म्हाताऱ्या माणसास टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर परत मिळवता येते. ती अट दस्तात घाला, असे आम्ही घरोघरी सांगतो आणि कुणी ऐकत नाही.

मात्र मुलगा दाराबाहेर गेला आणि दार लागले, की हा कायदा पुटपुटू लागतो. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी एक तरी वृद्धाश्रम शासन 'स्थापन करू शकेल', असे कलम १९ म्हणते. 'करू शकेल' म्हणजे न केले तरी चालेल! सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली वृद्धांचा निवारा व आरोग्य हे जगण्याच्या हक्काचे भाग मानले आणि जिल्हावार वृद्धाश्रमांची माहिती गोळा करावयास सांगितले. खाजगी आश्रमांना नोंदणी व किमान दर्जा सक्तीचा करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ साली लोकसभेत आले. २०२४ साली ती लोकसभा विसर्जित होताच तेही गेले.

इकडे शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे आणि २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. चार दिवसांच्या रुग्णास सनद आहे, मरेपर्यंत राहणाऱ्या आजींस नाही.

नोंदणी आली की इन्स्पेक्टर येईल, पाकिटे येतील, लहान आश्रम बंद पडतील, असे आमचेच धर्मबंधू म्हणतात. ही भीती खोटी नव्हे. पण ज्या घरात तपासणीस यावयास नको, त्या घरात म्हाताऱ्यांनी बिनबोभाट राहावे, ही मागणी कोणत्या तोंडाने करावयाची? आमच्या धर्मभगिनींनी रात्र रात्र जागून केलेली सेवा आम्ही जाणतो. म्हणूनच सांगतो, प्रारंभ आपल्या घरांनी करावा. लेखी करार, त्याची एक प्रत रहिवाशाच्या उशाशी, बाहेर काढण्यापूर्वी महिन्याची नोटीस आणि तक्रार ऐकण्यास संस्थेबाहेरचा एक माणूस. यास विधेयकाची वाट पाहावी लागत नाही.

त्या आजींच्या कागदाची प्रत आम्ही दोनदा पत्र लिहून मागितली. अजून आलेली नाही.